घरशाळा आणि संक्रांतीच्या ऑर्डरी: एकाच टेबलावर दोन्ही कसं निभावता?

रीळदोरा

मंडळी, दारावरचा आकाशकंदील अजून उतरला नाही आणि संक्रांतीच्या चौकशीचा पहिला फोन येऊनही गेला. जानेवारीत मान वर करायला फुरसत नसते, म्हणून धागा आत्ताच काढतेय.

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. लेक अकरा वर्षांची, धाकटा सातचा. शाळा का सोडली यावर इथे पूर्वी बरंच दळण दळून झालंय, ते परत नको. मी घरून हस्तकलेची कामं घेते. संक्रांतीला हलव्याचे दागिने (नव्या सुनेचा सेट, जावयाचा हार-नारळ, बोरन्हाणाला बाळकृष्णाचा मुकुट, बासरी, बाजूबंद), लग्नसराईत रुखवताचं सामान, श्रावणात राख्या, आणि उरलेल्या वेळात क्रोशाची तोरणं नि बाळांच्या टोप्या. नवरा नोकरीला, सासूबाई आमच्याजवळ असतात पण गुडघ्यांमुळे फार उठबस नाही.

घरी शिकवणाऱ्या आणि घरूनच काम करणाऱ्या बायका रोजचं वेळापत्रक करतात. नऊ ते अकरा अभ्यास, अकरा ते एक काम, दुपारी गोष्टी. भिंतीवर फार देखणं दिसतं ते. पण हस्तकलेचं काम रोज सारखं येतच नाही. ते मोसमाने येतं, आणि आलं की धो धो येतं. म्हणून आम्ही वेळापत्रक दिवसाचं न करता वर्षाचं करतो. जूनपासून गणपतीपर्यंत अभ्यासाचा सुगीचा काळ. पावसाळ्यात हलव्याला हात लावायची सोय नसते, हवेत ओल असली की काटा धरत नाही, धरलाच तर चिकट होतो. राख्या सोडल्या तर ऑर्डरी नसतात. गणितातलं जे काही नवीन असेल, इंग्रजीचं व्याकरण, निबंध, सगळं या महिन्यांत. तुळशीचं लग्न लागलं की नवीन काही शिकवायला घ्यायचं नाही. तेव्हा उजळणी, वाचन, नकाशे, आणि मी हाताने काम करत असताना मोठ्याने ऐकायच्या गोष्टी. रथसप्तमीला शेवटचं बोरन्हाण झालं की पुन्हा पुस्तकं बाहेर.

एवढं बसलंय. न बसलेलं ते विचारायला आलेय. जागा एकच आहे, जेवायचं टेबल. त्यावर डिंक, सोनेरी लेस, हलवा, आणि त्याच्याच शेजारी भूमितीची वही. दुसरं, लेकीला आता कामात रस आलाय. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याचा सैल फास करायचा, त्यात दाणा बसवायचा, हलक्या हाताने आवळायचा, की काट्यांमध्ये दोरा अडकून बसतो. मग पुढचा फास. गजरा करतो तसंच, फक्त फूल दबतं आणि हलवा मोडतो. तिची बोटं बारीक, माझ्यापेक्षा सफाईदार गाठ येते. तर तिच्याकडून किती काम घ्यावं? आणि तिसरं, ‘घरीच तर असतेस’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

भातुकली

वर्षाच्या वेळापत्रकाला +१. मी नाशिकची, मुलं तीन, काम क्रोशाचं.

माझी भर एवढीच की काम घेतानाच त्याची जात बघा. मधेच सोडता येणारं काम आणि मधेच न सोडता येणारं काम. क्रोशा पहिल्या जातीतला. सुईवरचा टाका लांब ओढून ठेवला, की कोणी ‘आई, हातचा कुठे लिहायचा’ म्हणून आलं तरी काही बिघडत नाही. गोधडीचे टाकेही तसेच. दुसऱ्या जातीत हलवा करणं (दागिने नाही, प्रत्यक्ष हलवा), कापड रंगवणं, मेणबत्त्या, साबण, रेझिन (कालवून साच्यात ओतायचं, मग कडक होणारं रसायन). रेझिन एकदा कालवलं की ते तुमची वाट बघत नाही. शिवाय त्याचा वास आणि वाफ मुलांच्या नाकाजवळ नकोच, हातमोजे आणि उघडी खिडकी लागते. सात वर्षांचं मूल घरात असताना मी रेझिन घेणार नाही, कितीही पैसे मिळोत.

न सोडता येणारी कामं घरात दुसरं मोठं माणूस जागं असतानाच करायची. आमच्याकडे ते पहाटे होतं, कारण नवऱ्याला पहाटे उठायची हौस आहे. असते एकेकाची.

टेबलाचं म्हणाल तर त्यावर मापाने कापलेला सनमायकाचा पत्रा टाका. काम काढताना पत्रा घाला, अभ्यासाला बसताना पत्रा उचलून कामासकट पलंगाखाली सरकवा. आवरत बसायचं नाही.

खडूस_काका

वाचून थक्क झालो. आईच्या धंद्याचा मोसम आला म्हणून मुलांचं शिक्षण अडीच-तीन महिने बंद? शाळेतल्या मास्तरांनी ‘माझं शेतीचं काम निघालंय, आता रथसप्तमीनंतर बघू’ असं म्हटलं असतं तर याच धाग्यावर त्यांची सालटी काढली असती. आणि अकरा वर्षांच्या मुलीची बोटं बारीक आहेत म्हणून तिच्याकडून गाठी? गालिचे विणणाऱ्या मुलांबद्दल कारखानदारही हेच म्हणायचे. नाजूक बोटं.

राग मानू नका. पण शिक्षण आणि उत्पन्न एका ताटात वाढलं की कोण कोणाचं जेवतं ते कळत नाही.

रीळदोरा

काका, राग नाही. बोटांचं वाक्य लिहून झाल्यावर मलाही खटकलं होतं, पण ते खरं आहे म्हणून ठेवलं.

शिक्षण बंद नसतं, नवीन धडे बंद असतात. संक्रांतीच्या मोसमात लेकीचं जे गणित होतं ते पावसाळ्यात होत नाही. गेल्या वर्षीचं सांगते. नवरीचा पूर्ण सेट मी १५०० रुपयांना देत होते. तिने एका सेटचा जमाखर्च मांडला. हलवा, काळा पुठ्ठा, लेस, मणी, दोरा मिळून ३८०. खोका, कापूस, कुरिअर १२०. राहिले १०००. मग तिने घड्याळ लावून मला कामाला बसवलं. सेटला नऊ तास लागले. म्हणजे तासाला १११ रुपये आणि वर काही पैसे. भागाकार पुरा जाईना म्हणून दशांश अपूर्णांकाची उजळणी झाली. मग तिने विचारलं, “बाबाला तासाला किती मिळतात?” तो विषय आम्ही जेवणानंतर घेतला.

त्यापुढे तिने दागिनेवार वेळ मांडला. कंबरपट्टा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार नसतं. नथ पटकन होते आणि तिच्यावर सगळे खूष. म्हणून यंदा कंबरपट्टा सेटच्या बाहेर काढलाय, हवा असेल तर जास्तीचे पैसे. हा निर्णय तिच्या वहीतून आला.

हलवा करताना ती लांब बसून बघते. गरम परातीत खसखस किंवा तीळ, त्यावर पाकाचा एकेक चमचा, हाताने सतत हलवत राहायचं. पाकातलं पाणी उडतं, साखरेचे स्फटिक दाण्यावर बसतात, थराथराने वाढतात, आणि शेवटी काटे येतात. विस्तव मोठा झाला की साखर विरघळते, काटे जातात. संपृक्त द्रावण हा शब्द तिला पुस्तकात नंतर भेटला. परातीजवळ मात्र तिला येऊ देत नाही, तिथे मीच आणि माझी भाजलेली बोटं.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात पुरतं नाही, हे कबूल. ती गाठी मारते त्याचे पैसे मला मिळतात.

दस्तऐवज

कायद्याचं कोणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण आमचा मुलगा याच वाटेने गेलाय, त्यामुळे कागद पाठ आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्यात घरी शिकवण्यावर स्पष्ट शब्दांत बंदी नाही आणि स्पष्ट परवानगीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी दारात आलं तर भांडू नका, मुलाच्या वह्या दाखवा. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं. म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला नीट जपा.

परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. लहानांसाठी मुक्त मूलभूत शिक्षणाचे ए, बी, सी असे टप्पे आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. रीळदोराताई, तुमच्या मोसमाला हे सोयीचं आहे, ऑक्टोबरची परीक्षा उरकून मुलगी हलव्याला मोकळी. विषयांत चित्रकलाही आहे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथे पाचवी-आठवीची सोय आहे. आणि दहावी-बारावी बाहेरून द्यायचा आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहेच.

आता काकांचा मुद्दा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. अपवाद असा की मूल आपल्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला हातभार लावू शकतं, काम धोक्याचं नसेल तर, आणि तेही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. गंमत इथेच आहे. ज्याची शाळा घरातच, त्याची ‘शाळेनंतरची वेळ’ कुठली? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपली मुलं नव्हती. म्हणून ती वेळ आपणच ठरवायची आणि वहीत लिहून ठेवायची.

खडूस_काका

दस्तऐवज, धन्यवाद. हेच म्हणत होतो, फक्त मला कलमं येत नाहीत.

वर्धेकर

काका, तुमचा प्रश्न आमच्या गावात १९३७ सालीच विचारून झालाय.

त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचा आग्रह असा की मुलाचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून व्हावं आणि मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्चही भागावा. पुढे झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या दिवसात ३ तास २० मिनिटं मूळ उद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटं. गाणं, चित्रकला आणि गणित मिळून आणखी ४०. आकडे बघूनच समजतं की विरोध का झाला. शाळेचा खर्च मुलांच्या सुतावर चालायला लागला तर मास्तरांचं लक्ष मुलाकडे राहील की सुताकडे, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि घेणारी माणसं काही गांधीजींची वैरी नव्हती.

माझ्या आजेसासऱ्यांनी याच योजनेच्या बुनियादी शाळेत टकळी फिरवली होती. ते सांगत, सूत किती निघालं हे रोज मोजायचं, तार किती, वजन किती, अंक (सुताचा बारीकपणा) किती, त्यातून गणित. कापूस कुठून येतो, त्यातून भूगोल. याला समवाय म्हणत. चांगला शिक्षक असला की समवाय साधायचा. नसला की नुसतं सूत निघायचं, आणि तेही जाडंभरडं.

माझं मत विचाराल तर समितीच्या आखणीतला पैशाचा भाग सोडून द्यावा आणि समवाय घ्यावा. रीळदोराताईंच्या लेकीने घड्याळ लावून आईचे तास मोजले, तो झाला समवाय. ती शंभरावी गाठ मारतेय, तेव्हा तिला त्यातून नवं काही मिळत नाही. तिथे शिक्षण संपलं आणि काम सुरू झालं. काम करू नये असं नाही, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

सेवाग्रामला आनंद निकेतन आहे अजून, येणं झालं तर बघून जा. मुलं शेतात, स्वयंपाकघरात, सूतकताईत असतात. आणि नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जायचं म्हटलंय. ३ तास २० मिनिटं रोजची, तिथून तीन इयत्तांत मिळून दहा दिवस. चाललंय आपलं.

डहाणूची_चिकू

वर्धेकर, छान लिहिलंत. आमच्याकडचं एक जोडते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणावर नेली. तिथे मुलांच्या कामाला कोणी शिक्षण म्हटलं नाही, काम चालू असताना शिक्षण मात्र त्यांच्यापर्यंत पोचवलं. माझ्या डोक्यात घरशाळा आणि घरकाम याचं चित्र तेच आहे. आईचं काम हे कुरण. मूल तिथे असणारच.

फिलीची_काकू

मी पेनसिल्व्हेनियात, मुलीला घरी शिकवते, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांसाठी क्रोशाची तोरणं, पूजेची आसनं करते. संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांची विचारणा इथेही येते. बाहेर बर्फ आणि आत हीटरची कोरडी हवा, काटा काय सुरेख येतो म्हणून सांगू.

इथे घरी शिकवणं कायदेशीर आहे, पण आमचं राज्य हिशेब मागतं. वर्षाला १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० तास. मूल काय वाचतंय त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि वर्षाअखेरी बाहेरच्या मूल्यमापकाला मुलीच्या कामाची फाइल दाखवावी लागते. शेजारच्या न्यू जर्सीत यातलं काही नाही, तिथल्या मैत्रिणी मला हसतात. सुरुवातीला जाच वाटायचा, आता मी म्हणेन भारतातल्यांनीही सक्ती नसताना ठेवावी. तारीख, काय केलं, किती वेळ, एक फोटो. दिवसाला चार ओळी. महिनाभराने पान उलटलं की दिसतं, ‘शिकवण’ किती आणि ‘जरा हे धर गं’ किती.

तासांची अट असल्यामुळे डिसेंबर रिकामा गेला तरी धडकी भरत नाही, जूनपर्यंत भरून काढता येतो. तुमचं वर्षाचं वेळापत्रक म्हणजे तेच झालं.

उंबरठा

‘घरीच तर असतेस’ यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणजे सगळ्यांच्या जखमा ओल्या दिसतायत.

आमच्या सोसायटीत माझ्याकडे दुपारी दोन मुलं सोडून जायच्या बायका. “तुझी घरीच असतात ना, खेळतील एकत्र.” शिवाय कुरिअरवाला सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे. शिवाय गॅसचा माणूस आला की किल्ली माझ्याकडे. घरशाळा आणि घरगुती काम, दोन्हीला ‘घर’ लागलेलं असल्यामुळे लोकांना ती दोन्ही रिकामटेकडी वाटतात. मी दाराबाहेर पाटी लावली, ‘दहा ते एक वर्ग चालू आहे’. ‘काम चालू आहे’ लिहिलं होतं तेव्हा कोणी थांबत नव्हतं. वर्ग म्हटलं की चपला काढून कुजबुजत परत जातात. आपल्या लोकांना मास्तरांचा धाक अजून आहे.

गिऱ्हाइकांचं वेगळं. डिसेंबरच्या मध्याला ऑर्डरी बंद, नंतर आलेल्याला नाही म्हणायचं. जानेवारीच्या दहा तारखेला फोन येतोच, “फक्त एक बाळाचा सेट हो, छोटासा.” त्या छोट्या सेटमध्ये मुलांची झोप जाते. आणि भाव करणाऱ्यांना रीळदोराच्या लेकीची वही दाखवा. मी तरी दाखवणार आहे.

कोल्हापुरी_बाप

एका बाबाचं मत चालेल का? आमच्या घरी उलटं आहे. बायको बँकेत, मी लाकडी खेळणी करतो आणि पोरग्याला शिकवतो. मला कोण ‘घरीच असतोस’ म्हणत नाही, ‘मग सध्या काय करतोस’ म्हणतात. त्यातला फरक ज्याला कळतो त्याला कळतो.

हत्यारांचं सांगतो. करवत, ड्रिल, पॉलिश याला पोरग्याने हात लावायचा नाही. पॉलिशपेपर, रंग, मोजमाप त्याचं. पण त्याला स्वतःची अशी एक वस्तू दिली आहे, भोवरा. डिझाइन तो करणार, विकणार तो, पैसे त्याचे, तोटाही त्याचाच. एका जत्रेत सगळे भोवरे तसेच परत आले. रडला. मग घरी येऊन त्याने दोरी गुंडाळायची खाच खोल केली, कारण लोकांनी हातात घेऊन बघितलं होतं आणि दोरी घसरत होती. हे मी शिकवलेलं नाही. माझ्या मालात मदत करून तो हे शिकला नसता, कारण तिथे चूक निघाली तर ती माझ्याकडेच येते.

खडूस_काका

बाप महाशय, पटलं. रीळदोराताईंना माझं म्हणणं थोडक्यात. मुलगी तुमच्या ऑर्डरीत काम करणार असेल तर तिला त्याचा मोबदला द्या, बाजारभावाने. ‘खाऊला’ म्हणून दहा रुपये नाहीत. १११ रुपये तास तुमचा, तर तिचाही तेवढाच, गाठ तिची जास्त चांगली असं तुम्हीच म्हणालात. परवडत नसेल तर काम घेऊ नका. आणि दिवसाला एक तासाच्या वर नाही.

अजून एक. मुलांना मुलं लागतात. ऑर्डरींच्या मोसमात संध्याकाळचं मैदान बुडत असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट आहे.

भातुकली

काकांशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मैदानाला शंभर टक्के अनुमोदन.

पैशांबद्दल थोडी वेगळी आहे. प्रत्येक कामाचे पैसे द्यायला लागलं की उद्या ताट उचलायचे किती, विचारतील. घरचं काम बिनपैशाचं, गिऱ्हाइकाचं काम पैशाचं, ही रेघ मुलांना समजते. आमच्याकडे समजली. मधल्याने एकदा प्रयत्न करून बघितला, आजीने त्याला जेवणाचं बिल दिलं.

निळी_शाई

मी इथली मूकवाचक. एकच विचारते, लेकीचं चाललंय ते छान, पण सात वर्षांच्या धाकट्याचं काय? मोठीला घड्याळ, वही, गाठी. तो काय करतो?

रीळदोरा

निळी शाई, नेमकं धरलंत. धाकटा टेबलाखाली असतो. लेसच्या रिकाम्या रिळांची आगगाडी करतो, हलवा पळवतो, आणि मी पुठ्ठा कापत असताना बरोबर ‘आई, मला शू’ म्हणतो. त्याचं वाचन यंदा यायला हवं होतं तितकं आलेलं नाही. मोसमात मोठी स्वतःची स्वतः चालते, लहान मूल चालत नाही, ही वर्षाच्या वेळापत्रकातली खरी अडचण आहे. जोडाक्षरं रथसप्तमीपर्यंत थांबवली की मागची पण विसरतो.

तर यंदा ठरवलंय ते लिहिते. धाकट्याची सकाळची वीस मिनिटं मोसमातही सुटणार नाहीत, ती सासूबाईंकडे. त्यांना गुडघे नाहीत पण आवाज आहे, आणि जोडाक्षरं त्यांनी माझ्या नवऱ्याला काठीने शिकवली होती. यंदा काठी नाही असं वचन घेतलंय. लेकीला दिवसाला एक तास, तासाचे पैसे, वहीत सही करून. बाळकृष्णाची बासरी तिची स्वतःची वस्तू, भाव ती ठरवणार. तिने आत्ताच माझ्यापेक्षा जास्त लावलाय. संध्याकाळी पाच ते सात टेबल बंद, दोघं खाली. ऑर्डरी पंधरा डिसेंबरला बंद. सनमायकाचा पत्रा सांगून ठेवलाय. दारावर ‘वर्ग चालू आहे’ची पाटी आजच लागली, धाकट्याने लिहिलीय. ‘वर्ग’चा रफार विसरलाय, तशीच ठेवलीय, समोरच्या काकू दुरुस्ती सांगायला आल्या आणि आत न येता गेल्या.

उत्पन्न यंदा कमी होणार हे धरून चाललेय. लेकीचा हात आधी एका तासापेक्षा फार जास्त लागत होता, ते मोजल्यावर दिसलं.

फिलीची_काकू

वा! आणि मुंग्यांचं काय करता? इथे थंडीत नसतात, पण आईकडे हलवा केला की रांगच लागायची.

रीळदोरा

टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटरपेपर. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि काटे बसतात. आणि टेबलाखालच्या मुंगीला यातलं काहीच लागू पडत नाही.

निळी_शाई

मला नव्या वहिनीसाठी एक सेट हवा होता. अजून घेताय ना? कंबरपट्ट्यासकट.

रीळदोरा

घेतेय. विपूत (विचारपुशीत) निरोप टाका. कंबरपट्ट्याचे वेगळे पैसे पडतील, हिशेबनीस बाई ऐकत नाहीत.